रात्रीचा चार्ज
आईचं दारूचं व्यसन, दोन मुलं आणि अठरा महिन्यांची एक फाइल

शाळेकडून आलेली नोंद दोनच ओळींची होती. चौथीतली मुलगी वर्गात झोपते, आणि शेवटचा तास बुडवून धाकट्या भावाला पाळणाघरातून आणायला जाते. वर्गशिक्षिकेने दोनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईला बरं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनेच उलट विचारलं, "बाई, तुम्ही कुणाला सांगणार आहात का?" हे ऐकून बाईंनी आम्हाला फोन केला. मुलीच्या झोपेपेक्षा या प्रश्नाने त्या जास्त हादरल्या होत्या, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

व्यसनात अडकलेल्या पालकांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका कुटुंब-आधार कार्यक्रमात मी काम करते. इथे मांडलेलं घर कुठल्याही एका घराची नक्कल नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून अनेक घरांतले धागे एकत्र करून ते उभं केलं आहे. त्यातल्या चुका मात्र आमच्या कामात होतात त्याच आहेत, आणि पहिली माझी आहे.

आई तिशीतली. थोरली मुलगी साडेनऊ वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. वडील दोन वर्षांपूर्वी वेगळे झालेले. पैसे कधी पाठवायचे, कधी नाही. अठरा महिन्यांत त्यांचा फोन तीनदा लागला, त्यामुळे त्यांच्याविषयी याहून जास्त मला लिहिता येत नाही. आईची मोठी बहीण जवळच राहायची, पण दोघींचं बोलणं बंद होतं. आईची नोकरी चार महिन्यांपूर्वी सुटली होती. पिणं त्याआधीपासूनच होतं. नोकरी सुटल्यावर ते सकाळीही सुरू झालं.

पहिली गृहभेट

दार थोरलीने उघडलं. "आई अंघोळीला गेलीये. तुम्ही बसा." मग जवळजवळ अर्धा तास ती माझ्याशी बोलत होती. धाकट्याची लस कधी झाली, घरभाडं कुठल्या तारखेला जातं, शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली आहे, सगळं तिला पाठ. घर नीटनेटकं होतं. धाकट्याचे कपडे घड्या घालून ठेवलेले. मधेच तो उंबऱ्याला अडखळून पडला. आई तेवढ्यात ओल्या केसांनी बाहेर आली होती आणि दारातच उभी होती. तिने हात पुढे केला. पोरगा रडत तिच्या बाजूने निघून थेट बहिणीकडे गेला. आईचा हात क्षणभर तसाच राहिला, मग तिने तो केसांकडे नेला. हे मी पाहिलं आणि अहवालात लिहिलं नाही, कारण कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सुचलं नाही.

थोरली गणितं सोडवत होती. मी वही सहज चाळली. शेवटच्या पानावर तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीने काढलेल्या बारीक बरोबरच्या खुणा. कुठे तीन, कुठे सात. काही खुणांभोवती गोल. मला वाटलं, पाढ्यांचा सराव असेल. "अक्षर छान आहे गं तुझं," असं मी म्हणाले. तिने वही मिटून दप्तरात ठेवली.

त्या दिवशीच्या अहवालात 'कुटुंबाची बलस्थानं' या रकान्यात माझ्या हातचं वाक्य आहे: "थोरली मुलगी समजूतदार व जबाबदार असून भावाची उत्तम काळजी घेते."

आपल्याकडे अशा पोरीला गुणाची म्हणतात, वयापेक्षा शहाणी म्हणतात. कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात इव्हान बोझोर्मेनी-नाज आणि जेराल्डिन स्पार्क यांनी 1973 मध्ये या अवस्थेला 'पॅरेंटिफिकेशन' असं नाव दिलं. मूल घरात पालकाची जागा घेतं आणि त्याचं मूलपण त्या कामात खर्ची पडतं, असा त्याचा अर्थ. घरकामात हातभार लावणारी मुलं सगळीकडे असतात, त्यात वावगं काही नाही. थोरलीच्या बाबतीत फरक असा होता की तिने हात काढून घेतला असता तर घर कोसळलं असतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी तिच्या ओझ्याला बलस्थान म्हटलं. त्या एका शब्दामुळे पुढच्या आराखड्यात तिच्यासाठी काहीच आलं नाही. आईसाठी उपचार होते, धाकट्यासाठी पाळणाघर होतं. थोरली 'ठीक' होती.

"तात्काळ बंद करावे"

मुलांच्या सांभाळाचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या पहिल्या बैठकीत आईपुढे जो कागद ठेवला गेला, त्यातली पहिली अट अशी होती: मद्यपान तात्काळ बंद करावे, पंधरा दिवसांनी अहवाल. आईने सही केली. मी शेजारी बसले होते आणि मला त्यात काही खटकलं नाही.

आईने खरंच त्याच संध्याकाळी पिणं थांबवलं. मुलं नेतील या भीतीपोटी एक थेंबही घेतला नाही. दुसऱ्या रात्री तिला फिट आली. थोरलीने भावाला दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावलं, काकूंना उठवलं, आईच्या डोक्याखाली उशी दिली. रुग्णवाहिका यायच्या आत तिने फरशीही पुसून घेतली. का, असं काकूंनी नंतर विचारलं तर म्हणाली, "लोक येणार होते ना."

हे टाळता आलं असतं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेत स्वतःचा जोर वाढवून बसलेला असतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शामक औषधांचा डोस हळूहळू उतरवत आणि जीवनसत्त्व ब-1 देत सोडवावी लागते. व्यसनमुक्तीच्या कामातल्या कुणालाही हे माहीत असतं. बालकल्याणाच्या कामातल्या आम्हाला ते ऐकून माहीत होतं, पण आमच्या फॉर्मवर नव्हतं. आता आहे. रोज किती पिता, किती वर्षांपासून, सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरतात का, हे तीन प्रश्न आम्ही सगळ्यात आधी विचारतो, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुणाच्याही आराखड्यात 'तात्काळ' हा शब्द येत नाही.

दवाखान्यातच बहिणींचं भांडण कशावरून झालं ते कळलं. मावशीने वर्षभरापूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून आईच्या जेवणात चोरून डायसल्फिरामची पूड घातली होती. हे औषध घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. औषध थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. घेणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच ते द्यायचं असतं. आईला वाटलं आपल्यावर विषप्रयोग झाला, आणि तिचं वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं. मावशी रडत म्हणाली, "मला तिला वाचवायचं होतं हो, ताई." दोघीही खरं बोलत होत्या. हा विषय त्याच दिवशी उघडा झाला, हे पुढच्या दृष्टीने बरं झालं.

मुलं कुठे राहणार

डॉक्टरांनी दहा दिवस दवाखाना आणि त्यानंतर आठ आठवडे केंद्रात राहून उपचार सांगितले. केंद्रात मुलांची सोय नव्हती. बायका उपचाराला उशिरा येतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. आई पुढे एकदा म्हणाली, "मुलं नेतील म्हणून मी कुठे गेले नाही, आणि कुठेच गेले नाही म्हणून मुलं न्यायची वेळ आली." अमेरिकेने 2018 च्या कायद्यात मूल आईसोबत उपचार केंद्रातच राहिलं तर त्याच्या सांभाळाचा खर्च 12 महिन्यांपर्यंत केंद्रीय निधीतून देण्याची सोय केली. आमच्या हाताशी तसं काही नव्हतं.

मावशी आधी फक्त धाकट्याला न्यायला तयार झाली. जागा लहान, त्यात थोरलीशी जमेल की नाही अशी तिला शंका. समितीतल्या एका सदस्याचं म्हणणं होतं की हे उलट चांगलं आहे. थोरलीला महिना-दोन महिने प्रतिपालक कुटुंबात ठेवा, भावाच्या जबाबदारीतून तिला सुटका मिळेल. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण भाऊ डोळ्यांआड झाला की तिची काळजी दुप्पट होईल, असं मला वाटत होतं. पर्यायी सांभाळाविषयीची संयुक्त राष्ट्रांची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वंही भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा, आधी नातलगांकडे बघा, असंच सांगतात. आम्ही दोन दिवस थांबलो. मावशी दोघांना न्यायला तयार झाली.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, ही पोर रात्रभर जागी असते. मला धाकट्याला अंघोळसुद्धा घालू देत नाही. पाणी गरम आहे म्हणते, टॉवेल खरखरीत आहे म्हणते. मी काय परकी आहे का?" शाळेतही तिचं भांडण झालं होतं. आमच्या मासिक तक्त्यात 'वर्तन' या रकान्यात पहिल्यांदाच लाल शेरा आला.

समुपदेशिका तिच्याबरोबर दोन बैठका नुसती चित्रं काढत बसली. तिसऱ्या बैठकीला थोरली गणिताची वही घेऊन आली आणि शेवटचं पान उघडून समोर ठेवलं. प्रत्येक खूण म्हणजे रात्री एकदा उठणं. उठून आईच्या नाकाखाली बोटं धरायची आणि दहा श्वास मोजायचे. गोल म्हणजे आई उताणी झोपली होती आणि तिला ढकलून कुशीवर करावं लागलं. उताण्या माणसाला झोपेत उलटी झाली तर ती घशात अडकते, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. सर्वांत जास्त खुणा एका रात्रीत अकरा.

मग तिने विचारलं, "आता तिथे कोण मोजतंय?"

समुपदेशिका या कामात मुरलेली. 'तू काळजी करू नकोस' हे वाक्य तिने उच्चारलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. मुलीची काळजी काल्पनिक नव्हती. नशेतला माणूस उलटी अडकून खरंच मरू शकतो, आणि कुशीवर करणं हाच त्यावरचा बरोबर उपाय आहे. तिने वर्षभर बिनचूक काम केलं होतं. त्याकडे दुर्लक्ष करून तिला 'आता खेळ' म्हणणं म्हणजे तिच्या कामाला पोरखेळ ठरवणं झालं असतं, आणि तिचा प्रश्न तसाच राहिला असता. मावशीच्या घरी झोपली तरी ती अजून ड्युटीवरच होती. तिला कुणी सोडवायलाच आलं नव्हतं.

केंद्राचा नियम असा की पहिले काही आठवडे रुग्णाला घरच्यांचा फोन नाही. आम्ही आईशी बोलायची परवानगी मागितलीच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरशी पाच मिनिटं बोलू द्या, एवढंच मागितलं. आईची संमती घेतली. रात्री आठला मावशीच्या फोनवरून कॉल लावला. मी शेजारी बसले होते.

"मी सिस्टर बोलतेय. आज रात्रीचा चार्ज माझ्याकडे आहे. दर दोन तासांनी माझा राउंड असतो. तुझी आई तीन नंबरच्या खाटेवर आहे. तिच्याबद्दल तुला मला काही सांगायचंय का?"

थोरली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती उताणी झोपली तर कुशीवर करा. डाव्या. उजव्या कुशीवर ती परत वळते."

"डावी कूस. लिहून घेतलं."

सिस्टरने ते खरंच ड्युटीच्या वहीत लिहिलं होतं. आठवड्याभराने केंद्रात गेले तेव्हा मी ते पान पाहिलं. फोन रोज चालू राहिला, दोन-तीन मिनिटांचा. सहाव्या दिवशी मावशीने कळवलं की पोर सकाळी सहापर्यंत झोपली. पुढच्या आठवड्यात तिने मावशीला धाकट्याला अंघोळ घालू दिली, पण दारात उभी राहून.

अठरा महिन्यांत आमच्या कार्यक्रमाने या घरासाठी पुष्कळ केलं. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, आणि त्याची नोंद करायला एकाही फॉर्मवर जागा नव्हती. मी ती 'इतर' या रकान्यात केली.

सोबतीण

आईच्या बाजूने सर्वांत जास्त उपयोग झाला तो आमच्याकडे जिला सगळे 'सोबतीण' म्हणतात तिचा. ही बाई स्वतः व्यसनातून बाहेर आलेली, तिचीही मुलं एके काळी तिच्यापासून दूर ठेवली गेली होती. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये 1997 मध्ये 'स्टार्ट' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात बालसंरक्षण कार्यकर्ती आणि किमान तीन वर्षं व्यसनमुक्त असलेली मार्गदर्शक अशी जोडी एकेका कुटुंबाबरोबर काम करते, दोघींकडे मोजकीच कुटुंबं देतात, आणि उपचार काही दिवसांत सुरू होतात. केंटकीमध्ये तुलना करून पाहिली तेव्हा या कुटुंबांतली मुलं सरकारी ताब्यात जाण्याचं प्रमाण तशाच इतर कुटुंबांच्या साधारण निम्मं निघालं. आमची सोबतीण त्याच धर्तीवर नेमलेली.

मी आईला वहीबद्दल सांगायचं ठरवलं होतं. सोबतीणीने मला अडवलं. "आत्ता नको, ताई. केंद्रातून पळून जाईल ती. स्वतःचं तोंड बघवणार नाही तिला. पोरीला सांगू दे, तिला वाटेल तेव्हा." मी ऐकलं. ऐकलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

घरी परतल्यावर

आधी केंद्रात देखरेखीखाली भेटी, मग आठवड्याची दुपार, मग शनिवार-रविवार, मग पूर्ण वेळ. हा टप्पा कागदावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात सर्वांत जास्त ताण इथेच आला.

आई शुद्धीवर होती, उत्साहात होती, आणि तिला सगळं एका दिवसात भरून काढायचं होतं. ती धाकट्याला बूट घालायला गेली की थोरली म्हणायची, "आधी डावा. तो आधी डावाच घालतो." आई रात्री वेळेवर झोपायला सांगायची, तर थोरली तिच्याकडे अशी बघायची की आईला उठून बाहेर जावं लागायचं. एकदा ती किंचाळली, "तू कोण मला सांगणारी?" आई पीत होती त्या काळात तिने असा आवाज एकदाही चढवला नव्हता. तिचे मार्क घसरले. पहिल्यांदाच गृहपाठ राहिला.

आमच्या तक्त्यात हे सगळं 'बिघाड' म्हणून नोंदलं गेलं. समितीत प्रश्न आला: आई सुधारतेय आणि मुलगी बिघडतेय, हे कसं? मी सांगितलं की मला हे बरं लक्षण वाटतं. ज्या मुलीला आईवर रागावण्याची सोय नव्हती, तिला ती आता मिळाली आहे. रागावलं तरी आई कोसळणार नाही, हे ती तपासून बघतेय. शिवाय तिचं पद गेलं होतं. वर्षभर घर चालवणाऱ्या माणसाला एके दिवशी 'तू आता लहान' म्हटलं तर त्याचा अपमान होतो, मग ते माणूस दहा वर्षांचं का असेना.

यावर पालक आणि मुलांच्या एकत्रित वर्गांचा उपयोग झाला. युटा विद्यापीठातल्या कॅरल कम्पफर यांनी 1980 च्या दशकात व्यसनी पालकांच्या 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 14 सत्रांचा एक कार्यक्रम तयार केला. पहिला तास पालक वेगळे, मुलं वेगळी. दुसरा तास सगळे एकत्र. जगभर त्याची अनेक रूपं निघाली, आमचं त्यातलंच. एकत्र तासात पालकाने फक्त एवढंच करायचं असतं: मूल खेळत असताना त्याच्या मागे जायचं, सूचना द्यायची नाही, शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. आईला हे भयंकर अवघड गेलं. थोरलीला त्याहून अवघड गेलं, कारण तिला खेळायचं काय हेच सुचेना. दोन सत्रं ती ठोकळे रंगांप्रमाणे लावत बसली. चौथ्या सत्रात तिने सगळे ठोकळे ढकलून दिले आणि आईकडे बघितलं. आईने काही म्हटलं नाही. मग आईनेही राहिलेला एक ढकलला.

मुलांच्या वेगळ्या तासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: हे तुझ्यामुळे झालं नाही, तुला ते आवरता येणार नाही, तुला ते बरं करता येणार नाही. मद्यपींच्या नातलगांच्या गटांत हे जुन्या काळापासून सांगत आले आहेत. किशोरवयीन मुलांचे गट तर 1957 पासून आहेत. थोरलीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मी कुशीवर करायचे." गटाच्या ताईने मान्य केलं: "हो. ते तू करायचीस. आणि त्याचा उपयोग व्हायचा." ठरलेल्या वाक्यांत हे बसत नव्हतं, तरी ते म्हणायलाच हवं होतं.

सातवा महिना

एका संध्याकाळी आई प्यायली. जुन्या कामाच्या ठिकाणचा एक फोन आला होता, एवढंच निमित्त. मुलं घरात होती.

यासाठी आधीपासून एक पान तयार होतं, फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं. ते बनवताना माझा एकच हट्ट होता: आई प्यायली आहे की नाही, हे ठरवायचं काम थोरलीवर येता कामा नये. म्हणून त्यात 'आई प्यायली तर' असं लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं, 'मला घरात कसंतरी वाटलं तर मी मावशीला फोन करणार. कारण सांगायची गरज नाही. मावशी येणार. कुणी रागावणार नाही.' खाली आई, मावशी आणि सोबतीण यांच्या सह्या. आईसाठी वेगळं पान होतं: पहिल्या घोटानंतर सोबतीणीला फोन, लपवायचं नाही.

दोघींनी फोन केले. थोरलीचा मावशीला आधी गेला, आईचा सोबतीणीला साधारण तासाभराने. मुलं दोन रात्री मावशीकडे राहिली, सोबतीण आईजवळ राहिली, सकाळी दोघी डॉक्टरांकडे गेल्या.

समितीत दोन मतं पडली. एक म्हणत होतं की संधी दिली होती, आता मुलं काढून घ्या. या मतामागे फक्त कठोरपणा असतो असं मला वाटत नाही. मुलाचं बालपण आईच्या बरं होण्याची वाट बघत थांबत नाही. अमेरिकेच्या 1997 च्या कायद्यात तर मूल मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने सरकारी सांभाळात असेल तर पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा, असंच काही अपवाद सोडून म्हटलं आहे. दुसरीकडे, व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. उपचारांनंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के सांगितलं जातं. घसरली की काढा, असा नियम केला तर आई एकच गोष्ट शिकेल: लपवायला.

माझं म्हणणं होतं की त्या संध्याकाळी मुलांचं काय झालं ते बघा. ती एकटी नव्हती, त्यांनी हाक मारली आणि माणूस आलं, आईने खोटं सांगितलं नाही. लंडनमध्ये 2008 मध्ये न्यायाधीश निकोलस क्रिक्टन यांनी सुरू केलेल्या कुटुंब न्यायालयात न्यायाधीश दर दोन आठवड्यांनी पालकांशी स्वतः, वकिलांशिवाय बोलतात; घसरण झाली तर ती तिथेच बोलली जाते. तिथे व्यसन सुटण्याचं आणि मुलं घरी परतण्याचं प्रमाण नेहमीच्या न्यायालयांपेक्षा चांगलं आढळलं. आमच्या अध्यक्षांनी तेच केलं. पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी आईला समोर बसवून दहा मिनिटं बोलल्या. लघवीच्या तपासण्याही झाल्या, ज्यात दोन-तीन दिवसांपूर्वीची दारू कळू शकते. श्वासाच्या तपासणीत फक्त काही तासांची कळते. पण आई मला म्हणाली की तिला धाक तपासणीचा वाटत नव्हता. पंधरा दिवसांनी बाई आपलं नाव घेऊन विचारणार, याचा वाटायचा.

प्रत्येक घरात असंच करावं, असं मी म्हणत नाही. आई हिंसक असती, एखाद्या नशेबाज माणसाला घरात आणत असती, मुलांना कोंडून जात असती, तर मुलं काढा असं मीच म्हटलं असतं. एका घरात मी ते उशिरा म्हटलं आहे, आणि त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. इथे तराजूत टाकायला मावशी होती, सोबतीण होती, चालणारा फोन होता. हवाई बेटांवरच्या काउआई इथे 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. वाईट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्तबगार निघाली, आणि त्यांच्या आयुष्यात त्यांना जीव लावणारं किमान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. त्या संध्याकाळी थोरलीने फोन लावला आणि तिला असं माणूस मिळालं.

शेवटची भेट

अठराव्या महिन्यात फाइल बंद झाली. आईला अर्धवेळ काम मिळालं होतं, त्या एका संध्याकाळनंतर ती प्यायलेली नव्हती, सोबतीणीच्या गटाला दर आठवड्याला जात होती. वहीबद्दल थोरलीने तिला अजून सांगितलेलं नव्हतं. आईला मात्र अंदाज असावा. एकदा तिने मला विचारलं होतं, "मी झोपले की ती उठायची ना?" मी म्हटलं, "तिला विचारा कधीतरी." ती म्हणाली, "धीर होत नाही."

शेवटच्या भेटीला दार आईने उघडलं. धाकटा तिच्या पायाला लोंबकळत होता. थोरली घरी नव्हती, मैत्रिणीकडे गेली होती. कुणाकडे आणि किती वाजता येणार ते आईला माहीत होतं. मला पाऊण तास थांबावं लागलं. ती धापा टाकत आली, केस विस्कटलेले, गुडघा खरचटलेला. मला बघून म्हणाली, "ताई, आज तुम्ही येणार होता? मी विसरलेच."

आम्ही बोललो थोडं. मग बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. ती चप्पल घालायला गेली, दारापर्यंत पोचली, परत फिरली. आई आतल्या खोलीत कपाट आवरत होती. थोरलीने पडदा सरकवून आत डोकावून पाहिलं, नाक किंचित वर करून हवेचा वास घेतला, आणि मग खेळायला गेली.